घराचं कार्ड

आमच्या नोकरीत निवृत्ती नसते. दर जूनमध्ये ऑर्डर यायची, अकरा महिन्यांची. ज्या जूनमध्ये ती आली नाही त्या जूनमध्ये मी निवृत्त झाले, असं आता म्हणायचं. नारळ नाही, शाल नाही, दोन शब्द बोलायला कुणी उभं राहिलं नाही. कपाट रिकामं करून द्या, एवढाच निरोप आला. त्यातलं सामान सरकारचं की माझं, यावर कार्यालयातल्या लिपिकाशी अर्धा तास हुज्जत झाली. सामान म्हणजे काय, तर बुटांचे दोन खोके भरून फोटोंची कार्डं आणि चपलांच्या पट्ट्यांना असते तसल्या चिकटपट्टीचं एक भेंडोळं. शेवटी तो म्हणाला, "न्या बाई, कोण वापरणाराय हे?" त्याचं बरोबर होतं.

संपादकांनी अंकासाठी फोन केला तेव्हा म्हणाले, काहीतरी प्रेरणादायी असू द्या, दिवाळीचा अंक आहे. तसं एक आहे माझ्याकडे. ते आधी देऊन टाकते.

मी श्रीवर्धन-म्हसळा बाजूच्या शाळांतून फिरणारी विशेष शिक्षिका होते. डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात आणि सरकारी कागदावर ज्याला स्वमग्नता म्हणतात, ती असलेली मुलं गावातल्याच शाळेत, गावातल्याच मुलांबरोबर बसावीत, हे पाहणं माझं काम. एका शाळेला आठवड्यातला एक दिवस. उरलेले दिवस ते मूल आणि त्याचे शिक्षक एकमेकांचं काय करत, देव जाणे. स्वमग्न हा शब्द मला कधीच पटला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल स्वतःत रमून सुखात बसलंय. मी पाहिलेली बहुतेक मुलं सुखात नव्हती, घाबरलेली होती. आपल्याला साधा वाटणारा आवाज त्यांना कानात टोचतो. पुढच्या घटकेला काय होणार याचा अंदाज येत नाही, आणि काय होतंय ते सांगायला शब्द वेळेवर सापडत नाहीत. अशा अवस्थेत तुम्हाआम्हाला कुणी साठ मुलांच्या कलकलाटात बसवलं, तर आपणही टेबलाखाली शिरू.

इम्रान शिरायचा. श्रीवर्धनजवळच्या एका उर्दू शाळेतला मुलगा. तिथे घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. ठोका पडला की इम्रान कानावर हात दाबून टेबलाखाली, आणि एकदा तर थेट रस्त्यावर. कुणी म्हणालं कानात कापूस घाला, कुणी म्हणालं ताईत बांधा. मी ठोका मारायचा दांडा त्याच्याच हातात दिला. आवाज कधी होणार हे ज्याच्या हातात असतं, त्याला आवाजाची भीती कमी वाटते, यात जादू काही नाही. महिन्याभरात तो घड्याळाकडे डोळे लावून बसू लागला. त्या शाळेचे तास इतके वेळेवर कधी सुटले नव्हते. शिक्षक माझ्यावर चिडले, कारण चहा अर्धा राहायचा.

मग त्याचे अब्बा कुवेतहून रजेवर आले. अत्तराचा वास, पांढरा शुभ्र सदरा, बोलायला मृदू. म्हणाले, "बाई, पोराला मी तालीम घ्यायला पाठवतो. घंटी मारायला न्हाय. लोक काय म्हणतील, अमक्याचा मुलगा शिपाई झाला?" मी त्यांना तासभर समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला खजुराचं पाकीट दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दांडा शिपायाकडे परत गेला. दीड महिन्याने ते कुवेतला गेले. त्याच सोमवारी शाळेच्या मोठ्या बाईंनी कुणालाही न विचारता दांडा इम्रानच्या हातात दिला. तो सातवीपर्यंत त्या शाळेत शिकला. प्रेरणादायी म्हणतात ते हे. टाळ्या वाजवायच्या असतील तर इथेच वाजवून घ्या, पुढे तशी जागा येत नाही.

कारण रोजचं काम असं नव्हतं. रोजचं काम म्हणजे, "बरा कधी होणार?" या प्रश्नाला "हा आजार नाही" हे उत्तर देत फिरणं. एक सर मला मोठ्या कौतुकाने म्हणाले होते, "बाई, तुमचा तो मुलगा माझ्या वर्गात अगदी शांत बसतो हो." जाऊन पाहिलं तर कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेला. शांत होता, यात खोटं काही नव्हतं. असल्या सरांवर मी पूर्वी व्याख्यानांतून फार हसायचे. प्राची नावाच्या मुलीनंतर हसणं बंद झालं.

प्राची मला सापडली तेव्हा आठ वर्षांची होती. म्हसळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या गावातली. गावाचं नाव लिहीत नाही. शाळेचा पट सतरा, शिक्षक दोन. त्यातले एक मुख्याध्यापक, तेच प्राचीचे वर्गशिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणते. पहिल्या दिवशी मला आधी दिसली ती प्राची नव्हे, तिची आई सुवर्णा. ती शाळेच्या ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. कुठल्या परिपत्रकात ती नाही, पण शाळाशाळांतून पाळली जाते. असं मूल असलं की त्याच्या आईने शाळा सुटेपर्यंत ओट्यावर बसायचं. मूल उठलं की तिने उठायचं, ओरडलं की तिने धावायचं. लावणी असो, कापणी असो.

"कधीपासून बसताय?" मी विचारलं.

"पैलीपासनं. गुरुजी म्हनले, तुमी असलात तर ती ऱ्हाते शाळंत." सुवर्णा सुपातून मान वर न करता म्हणाली. "ती कुठं ऱ्हाते बाई? मीच ऱ्हाते."

"बोलते का काही?"

"बोलत न्हाय. कळतं सगळं."

नवरा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. शेत थोडंसं, ते तिने दोन वर्षं अर्धलीने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला दिलं होतं, कारण ती ओट्यावर होती. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, या बाईला ओट्यावरून उठवायचं. मूल वर्गात आईशिवाय बसलं, तरच ते शाळेत आहे असं मी मानते. नाहीतर ती नुसती हजेरी असते.

यासाठी माझं हत्यार म्हणजे ती कार्डं. वर्गाच्या भिंतीवर एक लांब पट्टी लावायची. तिच्यावर दिवसभरात जे होणार त्याचे फोटो ओळीने चिकटवायचे: प्रार्थना, पाटी, खिचडी, हातपंप, खेळ, आणि शेवटी घर. एकेक गोष्ट झाली की मुलाने ते कार्ड काढून डब्यात टाकायचं. शब्द हवेत विरतात. कार्ड तिथेच राहतं, पुन्हा पुन्हा पाहता येतं. सुरुवातीला मी मुंबईहून आणलेला तयार संच लावला. त्यात जेवणाच्या चित्रात पावाचे तुकडे होते. प्राचीने खिचडीची ताटली ढकलून दिली आणि दोन तास पाव येण्याची वाट पाहिली. तिचं चुकलं नव्हतं, कार्डावर पाव होता. मग मी त्यांच्याच खिचडीचा, त्यांच्याच हातपंपाचा, प्राचीच्या घराच्या निळ्या दाराचा फोटो काढला. माझाही एक काढला, मी येणार त्या गुरुवारी लावायला.

तेव्हापासून माझा एकच नियम होता आणि तो मी सगळ्यांना बजावत असे: कार्ड खोटं बोलता कामा नये. जे होणार नाही ते पट्टीवर ठेवायचं नाही. गुरुजींनी हा नियम माझ्यापेक्षा कडक पाळला. एकदा भर वर्गातून त्यांचा फोन आला, "बाई, आज खिचडीवाल्या मावशी आलेल्या नाहीत. कार्डाचं काय करू?" बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस एका मुलीच्या खिचडीच्या कार्डासाठी मला फोन करत होता. म्हणून सांगते, गुरुजी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसावर राग काढून मोकळं होता येतं, इथे तीही सोय नाही.

घरी दारामागे आणखी एक छोटी पट्टी लावली होती. तिच्यावर एकच कार्ड असायचं, उद्याचं. शाळा असेल तर शाळेचं, सुट्टी असेल तर घराचं. संध्याकाळी सुवर्णा ते लावायची, सकाळी प्राची ते पाहायची. शाळेचं असलं की स्वतः गणवेश घेऊन यायची.

आईला मी ओट्यावरून एकदम उठवलं नाही. आधी ओट्याच्या पायरीवर, मग फाटकाशी, मग फणसाच्या झाडाखाली, मग शाळेतून दिसेल अशा शेतात. यात पाच महिने गेले. कापणीच्या दिवसांत एका गुरुवारी प्राची सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गात बसली, पाटीवर तिने गोल काढले, शेवटी घराचं कार्ड काढून डब्यात टाकलं आणि दप्तर उचललं. मी शेतात जाऊन सुवर्णाला सांगितलं.

"रडली?"

"नाही."

"मला शोधलं पन न्हाय?"

"नाही."

ती विळा हातात धरून बांधावर बसली. म्हणाली, "मग आता मी काय करू?" आणि हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचं सव्वा वर्ष तसं गेलं. तिने आपलं शेत परत कसायला घेतलं. माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं सव्वा वर्ष ते होतं.

मग मूल्यांकनाची समिती येणार असं पत्र आलं. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत घालायची, अशी बोलणी तेव्हा चाललेली होती. समितीचा शेरा चांगला पडला तर शाळा वाचेल, असं गावाला वाटत होतं. गावाने भिंती रंगवल्या, मुलींचं लेझीम बसवलं, श्रीवर्धनहून भाड्याचा स्पीकर ठरवला. भेट बुधवारी होती. मंगळवारी दुपारी गुरुजींनी मला बोलावून घेतलं.

"बाई, उद्या प्राचीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"स्पीकर लागणार. लेझीम. नवी माणसं. तिला मोठा आवाज सहन होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "एक दिवस घरी राहिली तर तिलाही बरं. शाळा राहिली तर तिची शाळा राहील ना."

माझीच शिकवण त्यांनी माझ्यासमोर ठेवली होती आणि त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. याला उत्तर होतं. तिला आदल्या दिवशी स्पीकर दाखवता आला असता, लेझीमचा फोटो पट्टीवर लावता आला असता, आवाज वाढला की फणसाखाली नेता आलं असतं. असले उपाय मी इतर शिक्षकांना दर महिन्याला सांगत होते. त्या दिवशी मला एकही सुचला नाही. खरं सांगायचं तर मी सुचू दिला नाही. माझ्या ऑर्डरवर ज्यांची सही व्हायची ते साहेब त्या समितीत होते. त्यांच्यासमोर प्राची किंचाळली तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी सुवर्णाकडे गेले. म्हटलं, "उद्या हिला घरीच ठेवा." आणि दारामागचं शाळेचं कार्ड काढून मी माझ्या हाताने घराचं कार्ड लावलं. प्राची उंबऱ्यावर बसून ते पाहत होती.

सुवर्णा म्हणाली, "उद्या सुट्टी हाय?"

"सुट्टी नाही. पाहुणे येणार आहेत, गोंधळ असेल."

"मंग शाळा हाय." ती कार्डाकडे बघत राहिली. "बाई, पोरं सगळी आमच्या दारावरनं जातात. ती बघनार न्हाय व्हय?"

वीस वर्षं हे काम करणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं, त्या बाईला सुचलं. मी म्हटलं, "बघू. दार लावून घ्या."

बुधवारी सकाळी साहेब आले. लेझीम झालं, नारळ फुटला, स्पीकर दोनदा बंद पडला. मग समिती वर्गात आली. वर्गात गेले तेव्हा मी पाहिलं, प्राचीची पट्टी भिंतीवर नव्हती. त्या जागी गुरुजींनी समावेशित शिक्षणाचा मोठा रंगीत तक्ता लावला होता. चाकाच्या खुर्चीतला मुलगा, काठी घेतलेली मुलगी, सगळे हसत हात धरून उभे. साहेबांनी तो वाचला आणि मान डोलावली.

तेवढ्यात प्राची दारात आली. गणवेश तिने स्वतः घातला होता, गुंड्या खालीवर लागल्या होत्या, पायात चप्पल नव्हती. दारावरून पोरं गेलेली तिने खिडकीतून पाहिली होती, आणि सुवर्णा मागच्या दाराने पाणी आणायला गेली तेव्हा ती कडी काढून निघाली होती. ती कुणाकडे न बघता सरळ आपल्या भिंतीपाशी गेली. तक्त्यावर हात फिरवला. त्याच्या कडा उचकटून खाली पाहिलं. पट्टी नव्हती. मग तिने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला आणि जो आवाज काढला, तो मी दीड वर्षात ऐकला नव्हता. तक्ता फाटून खाली आला.

साहेबांनी विचारलं, "ही कोण?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या नारळाकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "गावातली आहे, साहेब. येते अधूनमधून."

ती पटावर होती. तिच्या नावाची फाइल माझ्या पिशवीत होती, तिच्या प्रगतीचे सव्वा वर्षाचे कागद माझ्या अक्षरात होते. पिशवी मी पायाजवळ सरकवली. सुवर्णा धापा टाकत आली आणि तिला उचलून घेऊन गेली. नऊ-दहा वर्षांची मुलगी, लाथा मारणारी, आणि तिला खांद्यावर घेऊन जाणारी आई, असं आम्ही सगळ्यांनी दारातून पाहिलं. मग साहेबांनी चहा घेतला.

शेरा चांगला पडला. शाळा राहिली. जूनमध्ये माझी ऑर्डर आली.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी परत लावली, सगळी कार्डं नीट ओळीने. प्राचीने तिच्याकडे पाठ केली. मी कार्ड हातात दिलं की ती ते खाली टाकायची, रागाने नाही, कचरा टाकतात तसं. शब्दांवर तिचा विश्वास कधीच नव्हता. मोठ्या कष्टाने एका गोष्टीवर बसला होता, तो मी एका दुपारी मोडला. गुरुजींनी कान धरून माफी मागितली तिच्यापाशी, खरोखर मागितली. तिला त्याचं काय. सुवर्णा पुन्हा ओट्यावर येऊन बसली. या वेळी तिने तांदूळही आणले नाहीत. पावसाळ्यानंतर त्या दोघी यायच्या बंद झाल्या. शेत पुन्हा दुसऱ्याकडे गेलं. कागदावर मी लिहिलं, ‘गृहाधारित शिक्षण’. म्हणजे मूल घरी आहे आणि त्याला कुणी शिकवत नाही. पटावर मात्र प्राची वर्षाला एक इयत्ता चढत आठवीपर्यंत गेली. सगळे कागद माझ्या सहीने भरले गेले.

तिच्या घरी मला महिन्यातून एकदा जायचं होतं. मी दोनदा गेले, नंतर गेले नाही. रस्ता लांब होता, एसटी वेळेवर नसायची, दुसऱ्या शाळा होत्या. हे सगळं खरं आहे आणि कारण यातलं एकही नाही.

गेल्या वर्षी ऑर्डर आली नाही, त्यानंतर यंदा उन्हाळ्यात मी गेले. गुरुजी आता निवृत्त होऊन आपल्या गावी असतात, त्यांनी कळवलं होतं की शाळेजवळचं फणसाचं झाड पडलं आणि शाळेला नवीन कौलं बसली. निळं दार तसंच होतं. प्राची सतरा वर्षांची झाली आहे, आईपेक्षा उंच. पडवीत बसून ती सुपारी निवडत होती. श्रीवर्धनच्या एका बागायतदाराकडचा माल सुवर्णा घरी आणते. लहान, मध्यम, मोठी, असे तीन ढीग, एकही सुपारी चुकीच्या ढिगात नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा निवडायला लागली.

सुवर्णाने पाणी दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "बरी हाय. मला सोडत न्हाय येवढंच. नळावर गेले तरी मागं येते."

मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं त्या वेळी."

"व्हय," ती म्हणाली. "मी तुमाला इचारलं होतं, पोरं दारावरनं जातात म्हनून."

एवढ्यात प्राची उठून आत गेली. फळीवर काहीतरी शोधल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कार्ड होतं, कडा वाकलेलं, मागची चिकटपट्टी झिजलेली. निळ्या दाराचा फोटो. घराचं कार्ड. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली, मी काय करते ते पाहत. सुवर्णा गडबडून म्हणाली, "बसा बाई, तिचं मनावर घेऊ नका."

पण दिवस संपला की घराचं कार्ड येतं, मग दप्तर उचलायचं आणि निघायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. मी पाणी तसंच ठेवलं, पिशवी उचलली आणि निघाले.